मधुमेहात वजन वाढवायचं तर: आधी गळती, मग भरती

मधुमेह म्हटला की डोळ्यांसमोर सुटलेलं पोट येतं, आणि सल्लाही त्याच बेताने दिला जातो: कमी खा, भात सोडा, तेल-तूप बंद करा, रोज पाच किलोमीटर चाला. पण गालफडं बसलेला, पट्ट्याला दोन भोकं जास्तीची पाडून घेतलेला, दंड-मांड्या वाळलेला मधुमेहीही कमी आढळत नाही. त्याच्या हातातही तोच बाराशे-चौदाशे कॅलरींचा छापील आहारतक्ता पडतो. तो त्याने इमानेइतबारे पाळला की तो आणखी वाळतो. मग घरची माणसं काळजीपोटी दूध-केळं, खजूर, शतावरी कल्प सुरू करतात. साखर तीनशेच्या घरात जाते आणि काटा वर सरकायचं सोडून आणखी खाली येतो.

हा लेख अशा प्रौढ माणसांसाठी आहे. लहान मुलं, गरोदर बायका आणि डायलिसिसवर असलेले रुग्ण यांचं गणित वेगळं असतं. त्यांनी यातले आकडे वापरू नयेत.

खाल्लेलं जातं कुठे

रक्तातली साखर साधारण १८०च्या पुढे गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत शोषून घेता येत नाही आणि उरलेली लघवीवाटे निघून जाते. एक ग्रॅम साखर म्हणजे ४ कॅलरी. दिवसाला ८० ग्रॅम गेली तर ३२० कॅलरी गेल्या. म्हणजे तीन पोळ्या खाल्ल्या आणि तशाच मोरीत टाकल्या. रात्री तीन-चारदा लघवीला उठणं आणि घशाला सतत कोरड पडणं ही या गळतीचीच खूण.

दुसरं नुकसान आत होतं. इन्सुलिनचं काम फक्त साखर उतरवणं नाही. स्नायूंची मोडतोड थांबवणं आणि चरबी साठवून ठेवणं हेही त्याचंच काम. ते अपुरं पडलं की शरीर स्वतःचेच स्नायू आणि चरबी जाळायला घेतं. म्हणून साखर चढलेली असताना कितीही खाल्लं तरी अंगाला लागत नाही. गळक्या घागरीत पाणी ओतण्यातला प्रकार. तळाचं भोक आधी बुजवायचं, मग भरायला घ्यायचं. बहुतेक घरांत नेमका हाच क्रम उलटा होतो.

पायरी पहिली: वजन का उतरलं ते शोधा

प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं असेल, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं तीन किलोहून जास्त, तर "शुगरमुळे असेल" म्हणून सोडून देऊ नका. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी), हिमोग्लोबिन, मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या, थायरॉइडसाठी टीएसएच, बी-१२ आणि लघवीतली प्रथिनं एवढं तरी तपासून घ्या. लघवीत किंवा रक्तात कीटोन, म्हणजे इन्सुलिनअभावी चरबी जळताना तयार होणारी आम्लं, आहेत का हेही बघा.

आपल्याकडे क्षयरोग विसरून चालत नाही. मधुमेह्याला क्षय होण्याचा धोका इतरांच्या दोन ते तीन पट असतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळची कणकण, रात्री घाम आणि उतरतं वजन असं असेल तर थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे लगेच करा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. निदान झालं तर निक्षय पोषण योजनेतून उपचार सुरू असेपर्यंत महिना १,००० रुपये खात्यात जमा होतात.

शौच तेलकट, फिकट, फार दुर्गंधीचं आणि पाण्याने सहज न निघणारं असेल तर स्वादुपिंडाची पाचकद्रव्यं कमी पडत असावीत. असा माणूस तूप खातो आणि तूपच बाहेर टाकतो. त्याला जेवणासोबत घ्यायच्या एन्झाइमच्या कॅप्सूल लागतात; आहार वाढवून त्याचा प्रश्न सुटत नाही. पन्नाशीनंतर अचानक मधुमेह निघाला आणि त्याचबरोबर वजन उतरू लागलं, तर स्वादुपिंडाच्या गाठीची शंका दूर करण्यासाठी पोटाचं स्कॅन करायला डॉक्टर सांगतात. ते टाळू नका.

माणूस मुळातच सडपातळ असेल आणि गोळ्या वाढवूनही साखर आटोक्यात येत नसेल, तर मधुमेहाचा प्रकारच चुकीचा ठरला असण्याची शक्यता असते. वयाच्या पस्तिशी-चाळिशीनंतर सावकाश सुरू होणारा टाइप १सारखा, म्हणजे अंगातलं इन्सुलिनच कमी होत जाणारा मधुमेह असतो. तो जीएडी अँटिबॉडी आणि सी-पेप्टाइड या तपासण्यांतून कळतो. लहानपणापासूनच्या कुपोषणातून येणाऱ्या मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये "टाइप ५" अशी स्वतंत्र मान्यता दिली. हे रोगी बहुधा बारीक असतात, आणि लठ्ठ मधुमेह्यासाठी आखलेले उपचार त्यांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

कारण याहून साधंही असू शकतं. कवळी सैल झाली आहे, म्हणून आजी भाकरी चावू शकत नाहीत. आजोबा एकटे पडलेत, मन लागत नाही, म्हणून रात्रीचं जेवणच टाळतात. तपासणीच्या कागदावर हे दिसत नाही, शेजारी बसून विचारावं लागतं.

पायरी दुसरी: औषधांची चिठ्ठी तपासून घ्या

मधुमेहाची काही औषधं वजन उतरवतात. जाड माणसाला ती त्यासाठीही दिली जातात. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन साखर लघवीवाटेच बाहेर काढतात, म्हणजे वर सांगितलेली गळती ही गोळी मुद्दाम घडवते. इन्सुलिन कमी असलेल्या कृश माणसात या गोळ्यांनी आणखी एक धोका येतो: साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठू शकतं. सेमाग्लुटाइड आणि लिराग्लुटाइड भूकच मारतात. मेटफॉर्मिनने काहींना मळमळ होते, तोंडाची चव जाते, पोट बिघडतं. वर्षानुवर्षं घेतल्यास बी-१२ कमी होऊ शकतं.

यातली कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. हृदय किंवा मूत्रपिंड जपण्यासाठीही ती दिलेली असू शकते. डॉक्टरांना एवढंच विचारा: "माझं वजन उतरतंय, आणि ही गोळी वजन उतरवणारी आहे. बदल करता येईल का?"

मग इन्सुलिनचा प्रश्न येतो. "एकदा लागलं की सुटत नाही" या भीतीने लोक वर्ष-दोन वर्षं ढकलतात आणि तेवढ्यात बरेचसे स्नायू गमावून बसतात. अंगात इन्सुलिनच कमी असेल तर ते बाहेरून देणं हाच वजन वाढवण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय. घेणाऱ्याने दोन गोष्टी पाळाव्यात. सुई रोज एकाच जागी टोचू नये, तिथे चरबीची गाठ होते आणि इन्सुलिन कधी कमी तर कधी जास्त शोषलं जातं. पोटाचे चार भाग पाडून दर आठवड्याला भाग बदलावा, आणि दोन टोचण्यांत बोटभर अंतर ठेवावं. आहार वाढवला तर डोसही वाढवावा लागेल, हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावं.

साखर घाईने खाली आणू नये. एचबीए१सी खूप वर असताना तीन महिन्यांत तो दोन-तीन अंकांहून जास्त खाली आणला, तर डोळ्यांचा पडदा तात्पुरता बिघडू शकतो आणि पायांत तीव्र आग सुरू होऊ शकते. उपचार जोरात सुरू करण्याआधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या.

बहुतेक प्रौढांसाठी उपाशीपोटी ८० ते १३०, जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी १८०च्या आत आणि एचबीए१सी ७च्या आसपास हे लक्ष्य असतं. थकलेल्या, वारंवार साखर उतरणाऱ्या वृद्धांना ८पर्यंत मोकळीक असते. साखर सतत २५०च्या वर असताना जास्तीचं खाणं सुरू करण्यात अर्थ नाही. ती खाली आली की आहार न वाढवताही पहिले एक-दोन किलो परत येतात.

पायरी तिसरी: किती वाढवायचं ते ठरवा

उंची १६२ सेंटिमीटर, वजन ४६ किलो असा माणूस घेऊ. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय निघतो, त्याचा १७.५ येतो. १८.५च्या खाली म्हणजे कृश. बीएमआय २० होण्यासाठी त्याला साडेबावन्न किलो हवेत, म्हणजे साडेसहा किलोंची भर.

२० का, २४ का नाही? भारतीयांसाठी २३च्या पुढे जास्त वजन धरतात, कारण आपली ठेवणच वेगळी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्या बारीक दिसणाऱ्या माणसाच्या पोटातही चरबी लपलेली असते. त्यामुळे आलेलं वजन पोटावर न चढता दंड-मांड्यांवर चढायला हवं. कंबर पुरुषांनी ९० आणि बायकांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावी.

वेग आठवड्याला पाव ते अर्धा किलो. त्यासाठी रोज ३०० ते ५०० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे वरच्या माणसाला तीन ते सहा महिने धरायलाच हवेत. "महिन्यात दहा किलो"वाल्या पावडरींपासून दूर राहा. असल्या बिननावाच्या पावडरींत स्टेरॉइड मिसळलेली सापडतात. चेहरा सुजून गुबगुबीत दिसतो, साखर भडकते आणि स्नायू उलट झिजतात.

बीएमआय १६च्या खाली असेल किंवा आठ-दहा दिवस जवळजवळ काहीच खाल्लं नसेल, तर घरी भरभरून जेवायला घालू नका. दीर्घ उपासमारीनंतर एकदम अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने घसरतं, हृदयाची लय बिघडू शकते. अशा माणसाचं खाणं रुग्णालयातच, थोडं-थोडं वाढवतात.

पायरी चौथी: ताट

कॅलरी वाढवायच्या, पण पिष्ट फारसं नाही. भर पडते ती शेंगदाणे, तीळ, तेल, डाळी, दूध-दही, अंडी आणि मासे यांची. मराठी स्वयंपाकघरात हे सगळं हाताशी असतंच, फक्त ते तोंडी लावण्यापुरतं वाढलं जातं. शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची चटणी चिमूटभर नको, दीड-दोन चमचे भरून घ्या. एक मोठा चमचा कूट म्हणजे ५५-६० कॅलरी आणि अडीच ग्रॅम प्रथिनं, साखरेवर परिणाम नगण्य. एक छोटा चमचा तेल ४५ कॅलरी. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे १७० कॅलरी आणि साडेसात ग्रॅम प्रथिनं. एक अंडं ७० कॅलरी, सहा ग्रॅम. २५ ग्रॅम सुक्या सोयावड्या तेरा ग्रॅम प्रथिनं देतात. शाकाहारी घरात एवढ्या स्वस्तात दुसरं काही मिळत नाही.

प्रथिनं दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे आपल्या ४६ किलोवाल्याला ५५ ते ७० ग्रॅम. मूत्रपिंड कमकुवत असेल तर हा आकडा लागू नाही. तिथे बहुधा ०.८ ग्रॅमच्या आसपास थांबतात आणि तो आकडा डॉक्टरच ठरवतात. म्हणून तर क्रिएटिनिन आधी.

रोज साधारण १,४०० कॅलरी खाणाऱ्याला १,८०० पर्यंत नेणारा एक दिवस असा:

सकाळी उठल्यावर बिनसाखरेचं पेलाभर, २०० मिलि दूध आणि दहा बदाम. साडेआठला ४५ ग्रॅम मूगडाळीची दोन धिरडी, दोन चमचे तेलावर, सोबत दीड चमचा शेंगदाण्याची चटणी. अकराला एक मध्यम पेरू. दुपारी ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी, ३० ग्रॅम मटकीची उसळ, कूट घातलेली पालेभाजी, मोठी वाटीभर दही. या जेवणात तेल दोन चमचे. साडेचारला २५ ग्रॅम भाजलेले शेंगदाणे आणि बिनसाखरेचा चहा. रात्री आठला दोन पोळ्या, ५० ग्रॅम पनीरची भाजी आणि कोशिंबीर, तेल पुन्हा दोन चमचे. यात साधारण १,८०० ते १,८५० कॅलरी आणि ७० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. मासे खाणाऱ्यांनी पनीरऐवजी बांगडा किंवा तारली घ्यावी. आठवड्यातून दोन-तीनदा असे तेलकट मासे मिळाले तर उत्तमच. सुकट-बोंबील चालतील, पण रक्तदाब असेल तर त्यातलं मीठ लक्षात ठेवा.

हे सगळं पहिल्याच दिवशी ताटात आणू नका. आठवड्याला दीडशे-दोनशे कॅलरी वाढवा. आधी संध्याकाळचे शेंगदाणे, चार दिवसांनी चटणी आणि कूट, मग सकाळचं दूध. एका वेळी एकच बदल केला तर जेवणानंतरची साखर कशाने चढली ते कळतं. दोनदा मोजून दोन्ही वेळा १८०च्या वर गेली तर तो पदार्थ निम्मा करा किंवा दुसऱ्या वेळेला हलवा. ताटातही क्रम पाळा: कोशिंबीर, उसळ, मासे आधी, भाकरी-भात नंतर. तेवढ्यानेही जेवणानंतरचा चढ कमी होतो. मात्र भूक मंद असलेल्याने सॅलडचा डोंगर पुढ्यात घेऊ नये. पोट त्यानेच भरतं आणि भाकरी उरते. जेवणाआधी पेलाभर पाणी किंवा ताक पिण्याची सवयही इथे नडते.

आता चुकतं कुठे. केळ्याचं शिकरण, खजूर, गुळाचे लाडू, फळांचा रस: साखर एकदम चढते, गळती पुन्हा सुरू. गूळ, मध आणि खडीसाखर ही साखरच. कल्प आणि च्यवनप्राश यांतही साखर भरपूर असते. व्यायामशाळेत मिळणाऱ्या मास गेनर नावाच्या वजनवाढीच्या पावडरीत बहुधा माल्टोडेक्स्ट्रिन असतं, ते साखरेइतक्याच वेगाने चढतं. पावडर घ्यायचीच तर डब्यावर एका चमच्यामागे कर्बोदकं किती लिहिली आहेत ते वाचा. पाच ग्रॅमच्या आत असलेली साधी व्हे (दुधातलं प्रथिन) किंवा सोया प्रथिनाची पावडर पुरते. तूप रोज दोन चमच्यांपर्यंत ठीक. वाटीने तूप ओतलं की वजनाआधी कोलेस्टेरॉल वाढतं. खोबऱ्याचंही तसंच.

उपवासाचा घोळ वेगळाच. दिवसभर पोट रिकामं आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, म्हणजे दुपारी साखर उतरणार आणि रात्री चढणार. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असेल आणि वजन वाढवायचं असेल, तर हे काही महिने उपवास बाजूला ठेवावेत. करायचाच झाला तर थोडी भगर, दाण्याची आमटी, दही, ताक आणि राजगिऱ्याची बिनगुळाची भाकरी, तेही दर तीन-चार तासांनी.

पायरी पाचवी: स्नायूंना काम द्या

व्यायामाशिवाय खाल्लं तर भर पोटावर पडते. रोज तासभर चालण्याने बारीक माणसाचं वजन आणखी उतरतं; चालणं वीस-तीस मिनिटांवर आणा आणि आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, ताकदीचा व्यायाम करा. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून दंड काढणं, पाण्याच्या बाटल्या उचलणं (भरलेली एक लिटरची बाटली म्हणजे एक किलो), पायरीवर चढणं-उतरणं, टाचा उचलणं. प्रत्येकी दहा-बारा वेळा, दोन फेऱ्या, मध्ये मिनिटभर विसावा. शेवटची दोन-तीन आवर्तनं जड गेली पाहिजेत. सहज जमू लागली की बाटली मोठी घ्या. श्वास रोखून जोर लावू नका. डोळ्यांत नव्या नाजूक रक्तवाहिन्या तयार झालेल्या असतील तर वजन उचलण्याआधी नेत्रतज्ज्ञांना विचारा.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने व्यायामाआधी साखर बघावी. ९०च्या खाली असेल तर आधी एखादं फळ किंवा दोन बिस्किटं खा. २५०च्या वर असून कीटोनही असतील तर त्या दिवशी व्यायाम नको. व्यायामानंतर तासाभरात दूध, अंडं किंवा उसळ पोटात जाऊ द्या.

हात थरथरणं, घाम, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी आणि साखर ७०च्या खाली: तीन छोटे चमचे, म्हणजे १५ ग्रॅम साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, चढली नसेल तर पुन्हा तेवढीच. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णालय गाठा. घाबरून अर्धा डबा पेढे भरवले की तासाभरात साखर साडेतीनशे. साखर वारंवार उतरत असेल तर खाणं वाढवत बसू नका, डोस कमी करून घ्या.

मोजमाप

आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी, सकाळी शौचानंतर आणि खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करा. महिन्यातून एकदा कंबर आणि दंडाचा घेर टेपने मोजून वहीत लिहा. दंड वाढतोय आणि कंबर जागच्या जागी आहे, तर उत्तम चाललंय. कंबर दंडापेक्षा वेगाने वाढत असेल तर तेल-कूट थोडं कमी करून व्यायाम वाढवा. इन्सुलिन सुरू झाल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत दोन किलो वाढले तर हुरळून जाऊ नका, त्यात बरंचसं पाणी असतं. नडगीवर अंगठा दाबून बघा. खळगा राहत असेल, दम लागत असेल, तर ती सूज आहे आणि डॉक्टरांना दाखवायला हवी.

चार आठवड्यांत काटा हललाच नाही, तर आधी जेवणानंतरच्या साखरेच्या नोंदी काढा. त्या १८०च्या आत असतील तर आहारात आणखी २०० कॅलरी घाला. वर असतील तर आहाराला हात न लावता औषधाचा डोस डॉक्टरांकडून तपासून घ्या. साखर ताब्यात, खाणं पुरेसं, तरीही वजन उतरतंच आहे, तर पहिल्या पायरीवर परत या. काहीतरी शोधायचं राहिलंय. उलट्या, पोटदुखी, धापा आणि साखर तीनशेच्या वर असं एकत्र दिसलं तर पुढच्या भेटीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालयात जा.

ठरवलेलं वजन गाठलं की जास्तीच्या कॅलरींपैकी निम्म्या कमी करा, त्याही दूध-बदामाच्या फेरीतल्या; डाळी-अंडी आणि आठवड्यातले तीन दिवस व्यायाम तसेच चालू ठेवा. औषधांचा डोसही त्याच वेळी पुन्हा बघून घ्या, कारण तो ४६ किलोच्या माणसासाठी बांधलेला होता.